विस्मरणातून परतलेल्या ब्रिटिश कादंबरीकार आणि त्यांना वाचणारी मंडळं

जेन ऑस्टिन, ब्रॉन्टे भगिनी, जॉर्ज एलियट आणि व्हर्जिनिया वूल्फ ही ब्रिटिश लेखिकांची नेहमीची यादी. इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमात हीच नावं फिरून फिरून येतात आणि त्यामुळे ब्रिटनमध्ये कादंबरी लिहिणाऱ्या स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या, असा समज होतो. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. १७७८ मध्ये फॅनी बर्नीची ‘एव्हलिना’ निनावी प्रसिद्ध झाली आणि लंडनभर गाजली. १७९४ मध्ये अ‍ॅन रॅडक्लिफला ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’साठी प्रकाशकाने ५०० पौंड मोजले, पुढे ऑस्टिनला ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे हक्क विकून ११० पौंड मिळाले. मार्गारेट ऑलिफंटने शंभराच्या घरात कादंबऱ्या लिहिल्या. डोरोथी व्हिपलची पुस्तकं दोन महायुद्धांच्या दरम्यान वाचनालयांतून हातोहात जात. एकेकाळी घरोघरी माहीत असलेल्या अशा कितीतरी जणी बाजारातून नाहीशा झाल्या आणि गेल्या पन्नास वर्षांत त्यांतल्या बऱ्याच परत आल्या. त्यांना परत आणण्यात मोठा वाटा आहे तो काही छोट्या प्रकाशनसंस्थांचा आणि महिन्यातून एकदा कुणाच्या तरी दिवाणखान्यात, एकच पुस्तक वाचून, त्यावर बोलायला जमणाऱ्या वाचकांचा.

असे वाचनगट ही आजकालची टूम नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये गावोगावी ‘बुक सोसायट्या’ होत्या. नवी पुस्तकं महाग, एकट्याला परवडत नसत. म्हणून काही घरं मिळून वर्गणी काढत, पुस्तकं विकत घेत, ठरलेल्या क्रमाने ती एका घरून दुसऱ्या घरी जात आणि सगळ्यांची वाचून झाली की बहुधा सभासदांमध्येच विकून टाकली जात. आपल्याकडच्या पुस्तक भिशीचाच हा प्रकार. जानेवारी १८१३ मध्ये बहिणीला लिहिलेल्या पत्रात ऑस्टिनने चॉटनच्या बुक सोसायटीचा उल्लेख केला आहे. आसपासच्या सोसायट्यांपेक्षा आपली कशी सरस, हे ती मोठ्या उत्साहाने कळवते.

पुढे ही जागा वर्गणीच्या वाचनालयांनी घेतली. १८४२ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेलं मुडीचं वाचनालय त्यांत सर्वांत बलाढ्य. तीन खंडांतल्या नव्या कादंबरीची किंमत तेव्हा दीड गिनी, म्हणजे ३१ शिलिंग ६ पेन्स होती. मुडीकडे वर्षाला एक गिनी भरली की एका वेळी एक खंड, असं वर्षभर वाचता येई. म्हणजे पुस्तकाचा खरा गिऱ्हाईक वाचक नव्हता, मुडी होता. त्याने शेकड्यांनी प्रती उचलल्या तर लेखिकेचं भलं व्हायचं. अनीतीचा वास आला म्हणून नाकारल्या तर पुस्तक बसायचं. विसाव्या शतकात औषधांच्या दुकानांची साखळी असलेल्या ‘बूट्स’चं वाचनालय आलं आणि ते १९६६ पर्यंत चाललं. १९२९ मध्ये ‘बुक सोसायटी’ याच नावाचा टपालाने चालणारा क्लब निघाला. त्याची निवडसमिती दरमहा एक नवं पुस्तक निवडून सभासदांच्या घरी पाठवी. अमेरिकेतल्या ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ने त्याआधी, एप्रिल १९२६ मध्ये, आपलं पहिलंवहिलं पुस्तक म्हणून निवडली ती एका ब्रिटिश लेखिकेची कादंबरी: सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नरची ‘लॉली विलोज’. या सगळ्या व्यवस्थेत स्त्रिया लिहीत होत्या आणि बव्हंशी स्त्रियाच वाचत होत्या.

मग ही पुस्तकं गेली कुठे? एक कारण साधं व्यापारी आहे. वाचनालयं बंद पडली, तशी त्यांच्या भरवशावर निघणारी आवृत्ती निघेनाशी झाली. दुसरं कारण विद्यापीठांमधलं. इंग्रजी कादंबरी हा अभ्यासाचा विषय झाला, तेव्हा कुणाला वाचायचं याच्या याद्या तयार झाल्या आणि त्या फार आखूड होत्या. एफ. आर. लीविस यांच्या १९४८ च्या ‘द ग्रेट ट्रॅडिशन’ या वजनदार ग्रंथाने ऑस्टिन आणि एलियट या दोघींना थोरांच्या पंक्तीत बसवलं. एलिझाबेथ गॅस्केल, ऑलिफंट बाहेरच राहिल्या. इयन वॉट यांचं १९५७ चं ‘द राइज ऑफ द नॉव्हेल’ हे पुस्तक डीफो, रिचर्ड्सन आणि फील्डिंग या तीन पुरुषांभोवती उभं आहे. त्याला उत्तर म्हणून डेल स्पेंडर यांनी १९८६ मध्ये ‘मदर्स ऑफ द नॉव्हेल’ लिहिलं आणि ऑस्टिनच्या आधीच्या शंभर चांगल्या लेखिका पुढे ठेवल्या.

तिसरं कारण जास्त खोलवरचं आहे आणि वाचनगटात सर्वाधिक चर्चा त्यावरच होते. घर, लग्न, पैसा, मोलकरणी, जेवणाचं टेबल, म्हातारपण हे या कादंबऱ्यांचे विषय. ते लहान मानले गेले. युद्धावर लिहिणारा पुरुष जगावर लिहितो आणि स्वयंपाकघरावर लिहिणारी बाई स्वतःवर लिहिते, हा समज इतका मुरलेला होता की स्त्रीवाद्यांनाही त्यातून सुटायला वेळ लागला. व्हर्जिनिया वूल्फनेही १९३८ च्या ‘थ्री गिनीज’मध्ये ऑलिफंटचं उदाहरण दिलं ते पोटासाठी बुद्धी विकावी लागलेली बाई म्हणून. ऑलिफंटचा नवरा १८५९ मध्ये क्षयाने गेला. पदरात मुलं, डोक्यावर कर्ज. पुढे भाऊ आणि भावाची मुलंही तिच्याच आधाराने जगली. तिने रात्री जागून लिहिलं, भराभर लिहिलं आणि त्यातलं बरंच सामान्य आहे, हे खरं. पण त्यातल्या चार-पाच कादंबऱ्या एलियटच्या शेजारी ठेवाव्यात अशा आहेत, आणि त्या शोधायला कुणीतरी बाकीचा ढीग उपसायला हवा होता.

तो ढीग उपसला जाऊ लागला १९७० च्या दशकात. मेलबर्नमध्ये वाढलेल्या कार्मेन कॅलिल यांनी १९७३ मध्ये लंडनमध्ये ‘विरागो’ ही प्रकाशनसंस्था काढली आणि १९७८ मध्ये तिची ‘मॉडर्न क्लासिक्स’ ही माला सुरू झाली. पहिलं पुस्तक होतं अँटोनिया व्हाइटची ‘फ्रॉस्ट इन मे’, कॉन्व्हेंट शाळेतल्या एका मुलीची, १९३३ ची कादंबरी. आदल्याच वर्षी एलेन शोवॉल्टर यांचं ‘अ लिटरेचर ऑफ देअर ओन’ प्रसिद्ध झालं होतं. कुणाला शोधायचं याचा नकाशाच त्यातून मिळाला. गडद हिरव्या कण्याची, मुखपृष्ठावर एखादं जुनं चित्र असलेली ही पुस्तकं घरांच्या फडताळांत ओळीने दिसू लागली. रोझामंड लेहमन, रेबेका वेस्ट, विनिफ्रेड होल्टबी, एलिझाबेथ टेलर, बार्बरा कॉमिन्स अशी नावं पुन्हा उच्चारली जाऊ लागली.

विरागोच्या उत्साहालाही एक हद्द होती. यापेक्षा खालच्या दर्जाचं छापायचं नाही, अशी जी मर्यादा त्या कचेरीत मानली जाई तिला ‘व्हिपल रेषा’ म्हणत, असं कॅलिल यांनीच पुढे सांगितलं आहे. डोरोथी व्हिपल त्यांना फारच साधी वाटली. हा निवाडा वीस वर्षांनी उलटला. चरित्रकार निकोला बोमन यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘पर्सेफनी बुक्स’ सुरू केलं. करड्या रंगाचं मुखपृष्ठ आणि आत, पुस्तक ज्या काळचं त्या काळातल्या कापडावरची नक्षी, ही त्या पुस्तकांची ओळख. त्यांच्या अगदी पहिल्या पुस्तकांमध्येच व्हिपलची ‘समवन अ‍ॅट अ डिस्टन्स’ होती आणि पुढे व्हिपल त्यांची अतिशय लोकप्रिय लेखिका ठरली. २०२० पासून ब्रिटिश लायब्ररीनेही विस्मृतीतल्या लेखिकांची स्वतंत्र माला चालवली आहे.

व्हिपलच्या बाबतीत कोणाचं बरोबर, हे ठरवायला ‘समवन अ‍ॅट अ डिस्टन्स’ गटाने वाचावी. १९५३ ची ही कादंबरी. एलन आणि एव्हरी नॉर्थ यांचा वीस वर्षांचा सुखी संसार आहे. दोन मुलं, लंडनबाहेर घर, बाग. एव्हरीच्या म्हाताऱ्या आईच्या सोबतीला लुईझ नावाची फ्रेंच तरुणी येते आणि हा संसार मोडते. कथानक एवढंच. भाषा खरोखरच साधी आहे, मनात घोळत राहावं असं वाक्य क्वचित सापडतं. कॅलिल यांचा आक्षेप चुकीचा नव्हता. पण वाचक पुस्तक खाली ठेवू शकत नाही. घटस्फोटानंतर एलनपुढे जे प्रश्न उभे राहतात ते सगळे व्यवहाराचे आहेत: राहायचं कुठे, कमवायचं कसं, मुलीला सांगायचं काय. संसार हेच जिचं काम होतं, तिच्या हातातलं कामच एका दुपारी जातं. एव्हरी खलनायक नाही, हा या कादंबरीचा सर्वांत बोचणारा भाग. तो फक्त दुबळा आहे, आणि त्या दुबळेपणाची किंमत दुसरे भरतात. एकट्याने वाचताना हे पुस्तक एका रात्रीत संपतं आणि बाजूला पडतं. दहा जणांत वाचलं की एव्हरीला माफ करावं की नाही यावर दोन तट पडतात आणि साध्या भाषेखाली किती बारीक हिशेब मांडला होता ते दिसू लागतं. म्हणूनच अशा लेखिकांच्या पुनरुज्जीवनात वाचनगटांचं स्थान समीक्षेइतकंच मोलाचं आहे. समीक्षक वाक्य बघतो. गट माणसं बघतो, आणि या कादंबऱ्यांचं बळ माणसांमध्ये आहे.

ब्रिटनमधल्या वाचनगटांचा एक विस्तृत अभ्यास जेनी हार्टली यांनी २००१ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. बहुसंख्य गट निव्वळ स्त्रियांचे आहेत, ते घरांमध्ये जमतात आणि अनेक गट वर्षानुवर्षं टिकतात, असं चित्र त्यातून पुढे आलं. अशा गटाने या लेखिकांकडे वळायचं ठरवलं तर सुरुवात ओळखीच्या नावांच्या कमी ओळखीच्या पुस्तकांपासून करणं सोयीचं. शार्लट ब्रॉन्टेची ‘जेन एअर’ आणि एमिलीची ‘वदरिंग हाइट्स’ सर्वांना ठाऊक असतात. तिसऱ्या बहिणीची, अ‍ॅनची, ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’ मात्र थोड्यांनीच वाचलेली असते.

१८४८ ची ही कादंबरी त्या काळाच्या कितीतरी पुढे आहे. हेलन नावाची तरुणी दारुड्या, बाहेरख्याली नवऱ्याच्या घरातून लहान मुलाला घेऊन पळते, खोट्या नावाने एका पडक्या वाड्यात राहते आणि चित्रं विकून पोट भरते. त्या वेळच्या इंग्लंडच्या कायद्यात विवाहित स्त्रीची कमाई नवऱ्याची होती. मुलावर ताबाही बापाचाच. १८३९ च्या कायद्याने आईला सात वर्षांखालच्या मुलासाठी न्यायालयात अर्ज करता येऊ लागला, पण निकाल न्यायाधीशाच्या मर्जीवर. हे ध्यानात ठेवून वाचलं की हेलनचं प्रत्येक पाऊल बेकायदा आहे हे कळतं: ती स्वतःची चित्रं विकते तेव्हा नवऱ्याच्या मालकीची वस्तू विकत असते. एका प्रसंगी ती आपल्या शयनगृहाचं दार नवऱ्याच्या तोंडावर लावून घेते. त्या दाराचा आवाज सगळ्या व्हिक्टोरियन इंग्लंडभर घुमला, अशा अर्थाचं मे सिंक्लेअर या लेखिकेने १९१३ मध्ये लिहिलं. कादंबरी खपली, पण १८४९ मध्ये अ‍ॅन वारली. हा विषय निवडण्यातच चूक झाली असं शार्लटचं मत होतं आणि १८५० मध्ये बहिणींची पुस्तकं पुन्हा निघाली तेव्हा तिने ही कादंबरी त्यांत येऊ दिली नाही. पुढे १८५४ मध्ये एका प्रकाशकाने काटछाट करून स्वस्त आवृत्ती काढली आणि तोच कापलेला मजकूर दीर्घकाळ छापला जात राहिला. त्यामुळे गटाने पुस्तक घेताना एक गोष्ट पाहून घ्यावी: कादंबरीच्या आरंभी गिल्बर्ट मार्कमने मित्राला लिहिलेलं पत्र असलं पाहिजे. ते नसेल तर ती खंडित आवृत्ती आहे.

ऑस्टिनच्या ‘एमा’नंतर ऑलिफंटची ‘मिस मार्जोरीबँक्स’ (१८६६) घ्यावी. आई वारल्यावर शाळा आणि परदेशप्रवास संपवून ल्युसिला वडिलांच्या घरी येते आणि दर गुरुवारी संध्याकाळी मेजवान्या देऊन गावाच्या समाजजीवनाचा कारभार हाती घेते. सेनापतीची बुद्धी असलेल्या मुलीला गाजवायला दिवाणखान्याखेरीज रणभूमीच नाही, हे ऑलिफंट हसतखेळत सांगते. समीक्षक क्यू. डी. लीविस यांनी ल्युसिलाला ऑस्टिनची एमा आणि एलियटच्या ‘मिडलमार्च’मधली डोरोथिया यांच्यामधला दुवा म्हटलं आहे. त्याहून सरस आहे ‘हेस्टर’ (१८८३). तिच्यात घराण्याची पेढी बुडू लागते तेव्हा कॅथरिन व्हर्नन ही अविवाहित बाई ती वाचवते, चालवते आणि मोठी करते. तिच्याच आश्रयाला असलेली चौदा वर्षांची हेस्टर तिच्याशी पहिल्या भेटीतच उभा दावा मांडते. आर्थिक सत्ता हातात असलेली वृद्ध स्त्री एकोणिसाव्या शतकाच्या कादंबरीत फार विरळा.

एलिझाबेथ गॅस्केलचं ‘क्रॅनफर्ड’ बहुतेकांना गोड वाटतं; गटाने त्याऐवजी ‘नॉर्थ अँड साउथ’ घ्यावी, कारण गिरणी, संप आणि मालक-मजूर संबंध यांवर तिथे खरी वादावादी होते. एलियटच्या ‘मिडलमार्च’च्या जाडीने बिचकणाऱ्यांसाठी एक जुना उपाय आहे. १८७१-७२ मध्ये ही कादंबरी आठ भागांत, वर्षभर, तुकड्यातुकड्याने निघाली होती. तशीच, एका बैठकीला एक भाग या हिशेबाने वाचली तर ती पेलते आणि मधल्या काळात पुढे काय होईल यावर गप्पाही होतात.

पहिल्या महायुद्धानंतरच्या कादंबऱ्या वाचताना एक आकडा हाताशी असावा. १९२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांपेक्षा स्त्रिया सतरा लाखांहून जास्त होत्या. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘जादा’ बायका ठरवलं. शाळामास्तरणीने किंवा सरकारी नोकरीतल्या बाईने लग्न केलं तर बहुतेक ठिकाणी तिची नोकरी जायची. ही बंदी शिक्षिकांसाठी १९४४ मध्ये आणि सरकारी नोकरीत १९४६ मध्ये उठली. तेव्हा ‘लॉली विलोज’मधली सत्तेचाळीस वर्षांची लॉरा भावाच्या घरातली बिनपगारी आत्याबाई होऊन कंटाळते, एका खेड्यात एकटी राहायला जाते आणि चक्क चेटकीण होते, ही नुसती अद्भुतकथा उरत नाही. आपल्यासाठी जागाच नसलेल्या बाईने सैतानाशी करार केला तर तिने नक्की काय गमावलं, असा प्रश्न वॉर्नर विचारते. होल्टबीच्या ‘साउथ रायडिंग’मध्ये (१९३६) हाच काळ रस्ते, दवाखाने, घरकुलं आणि शाळा यांच्या बाजूने दिसतो, तिची प्रकरणं जिल्हा कौन्सिलच्या कामकाजाच्या विषयांनुसार पाडलेली आहेत. होल्टबीची आई स्वतः कौन्सिलची सभासद होती. स्थानिक स्वराज्य संस्थेवर इतकी जिवंत कादंबरी दुसरी सांगता येणं कठीण. ती छापून आली तेव्हा लेखिका हयात नव्हती. १९३५ मध्ये, सदतिसाव्या वर्षी ती मूत्रपिंडाच्या विकाराने गेली.

आटोपशीर पण गटाला दोन बैठका पुरेल असं पुस्तक हवं असेल तर रेबेका वेस्टची ‘द रिटर्न ऑफ द सोल्जर’ (१९१८). आघाडीवरून परतलेला ख्रिस गेली पंधरा वर्षं विसरला आहे. बायकोला ओळखत नाही, तरुणपणीच्या गरीब प्रेयसीचा ध्यास घेऊन बसला आहे. त्याची स्मृती परत आणता येते. पण ती आली की त्याला पुन्हा खंदकात जावं लागणार. आणावी का? वेस्टने हे पंचविशीत लिहिलं, युद्ध चालू असताना, आणि युद्धाचा एकही प्रसंग समोर न आणता.

लेखिका जिवंतपणीच कशी पुसली जाते, याचं ठळक उदाहरण बार्बरा पिम. १९५० ते १९६१ या काळात तिच्या सहा कादंबऱ्या निघाल्या. १९६३ मध्ये तिची सातवी कादंबरी तिच्याच प्रकाशकाने परत पाठवली; नंतर इतरांनीही. लंडनच्या आफ्रिकाविषयक संशोधन संस्थेत ती नियतकालिकाच्या संपादनाची नोकरी करत राहिली आणि न छापलं जाणारं लिहीत राहिली. जानेवारी १९७७ मध्ये ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’ने नामवंतांना शतकातले उपेक्षित लेखक विचारले, तेव्हा कवी फिलिप लार्किन आणि समीक्षक लॉर्ड डेव्हिड सेसिल या दोघांनी तिचं नाव दिलं. त्याच वर्षी ‘क्वार्टेट इन ऑटम’ छापली गेली आणि बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत पोचली. १९८० मध्ये पिम वारली. परत मिळालेली कीर्ती तिला जेमतेम तीन वर्षं लाभली.

तिच्या ‘एक्सलंट विमेन’मधला (१९५२) एक प्रसंग गटात मोठ्याने वाचण्याजोगा आहे. निवेदिका मिल्ड्रेड ही तिशी ओलांडलेली, एकटी, चर्चच्या कामात राबणारी. एका बैठकीच्या तयारीत दुसरी बाई सवयीने चहा करू लागते. आणि मिल्ड्रेड विचारते की चहाची खरंच गरज आहे का. ती बाई हादरते. आपण आयुष्यभर जे करत आलो ते गरजेचं नसेलही, हा धक्का पिम एका किटलीवर तोलून धरते. ‘लहान’ विषयांवरचा आक्षेप इथे आपोआप गळून पडतो.

एलिझाबेथ टेलरला दुर्दैवाने सिनेतारकेचं नाव लाभलं होतं आणि स्वभावही प्रसिद्धीपासून दूर राहण्याचा. ‘मिसेस पॅल्फ्री अ‍ॅट द क्लेअरमाँट’ (१९७१) ही तिच्या हयातीत प्रसिद्ध झालेली शेवटची कादंबरी. ब्रह्मदेशात साहेबाची बायको म्हणून राहून आलेली विधवा लंडनच्या एका हॉटेलात कायमची राहायला येते. तिथल्या म्हाताऱ्यांची प्रतिष्ठा एकाच गोष्टीवर ठरते: भेटायला कोण येतं. नातू फिरकत नाही. रस्त्यात पडलेल्या तिला उचलणाऱ्या एका होतकरू लेखकाला ती हॉटेलात नातू म्हणून सादर करते. तो पोरगा भला आहे, पण तिच्याकडे तो साहित्याचा कच्चा माल म्हणूनही बघतो, तिची वाक्यं वहीत टिपतो. मुलं परदेशी आणि आईवडील वृद्धनिवासात, हे मराठी घरांना आता नवं नाही. पुण्या-मुंबईच्या गटात हे पुस्तक वाचलं गेलं तर बोलायला वेगळा विषय काढावा लागणार नाही.

परत मिळवलेलं सगळंच चांगलं असतं असं नाही, हेही गटाने मोकळेपणाने म्हणावं. अनेक सुखवस्तू मध्यमवर्गीय कादंबऱ्यांमध्ये मोलकरणी नुसत्या विनोदाला असतात, ज्यूंविषयी आणि वसाहतींतल्या माणसांविषयी ओंगळ शेरे येतात. ते झाकून वाचणं म्हणजे लेखिकांवर उपकार करणं नव्हे.

भारतातल्या वाचकांना पुस्तकं मिळवण्यात एक सोय आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी ग्रंथ स्वामित्वहक्कातून मोकळे होतात. त्यामुळे ब्रॉन्टे, गॅस्केल, ऑलिफंट, होल्टबी, ‘द एन्चांटेड एप्रिल’वाली एलिझाबेथ फॉन आर्निम या सगळ्यांचं साहित्य मोकळं आहे आणि त्यातलं बरंचसं इंटरनेटवर फुकट वाचता येतं. पिम, टेलर, वेस्ट विकतच घ्याव्या लागतात.

अलीकडच्या वर्षांत ‘ब्रिटिश लेखिका’ या नावाखाली कोण येतं, हीच यादी रुंदावते आहे. डॉमिनिका बेटावर जन्मलेल्या जीन ऱ्हिसची ‘गुड मॉर्निंग, मिडनाइट’ १९३९ मध्ये आली. मग ती इतकी दिसेनाशी झाली की अनेकांना ती मेलीच असं वाटे. १९६६ मध्ये, शहात्तराव्या वर्षी, तिने ‘वाइड सार्गासो सी’ दिली आणि ‘जेन एअर’मध्ये माळ्यावर कोंडलेल्या वेड्या बायकोला तिची स्वतःची कहाणी मिळाली. ‘जेन एअर’ वाचलेल्या गटाने पुढच्याच महिन्यात ही वाचावी. लखनौच्या अतिया हुसैन १९४७ पासून ब्रिटनमध्ये राहिल्या. त्यांची ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ १९६१ मध्ये आली आणि १९८८ मध्ये विरागोने ती पुन्हा छापली. नायजेरियातून आलेल्या बुची एमेचेटाच्या ‘सेकंड क्लास सिटिझन’मध्ये (१९७४) नायिका आपलं हस्तलिखित लिहून काढते आणि नवरा ते जाळतो. म्हैसूर संस्थानात जन्मून १९४८ पासून लंडनमध्ये राहिलेल्या कमला मार्कंडेय यांची ‘नेक्टर इन अ सीव्ह’ (१९५४) जगभर वाचली गेली, पण ‘द नोव्हेअर मॅन’ (१९७२) ब्रिटनमध्ये दुर्लक्षित राहिली. लंडनमध्ये हयात घालवलेला म्हातारा श्रीनिवास १९६८ च्या सुमाराला अचानक शेजाऱ्यांच्या द्वेषाचा धनी होतो, अशी ती कथा. लेखिका २००४ मध्ये वारल्या आणि २०१९ मध्ये एका छोट्या ब्रिटिश प्रकाशनाने ती पुन्हा बाजारात आणली.